खटक्याचा नकार

खट्! फार वर्षांपूर्वी गावच्या वाचनालयातल्या लॅपटॉपच्या कडेला हा आवाज व्हायचा. तो माझाच होता, आणि मला तो फार आवडायचा. मी वायफायचा खटका. आत पडद्यावर माझ्याच कामाचं एक बटण होतं, पोरसवदा, दाबलं तरी न वाजणारं. आम्ही दोघंही 'हो' म्हणालो तरच आतला वायफायचा रेडिओ जागा व्हायचा आणि इंटरनेट सुरू व्हायचं. 'नाही' म्हणायला मात्र एकटा पुरे. माझं शहाणपण एवढंच, की त्यातलं सोपं ते मी निवडलं.

एके दुपारी ग्रंथपाल यमुताई लेकीचा नर्सिंगचा अर्ज भरायला बसल्या. मुदत संध्याकाळी पाचची होती. त्यांनी पडद्यावरचं बटण दाबलं आणि वाट पाहत बसल्या. मला कुणी विचारलंच नाही!

"आजोबा, सरका की," बटण म्हणालं. "माझं कधीचंच 'हो' आहे."

"कालचं पोर तू! आधी मोठ्यांना विचारायचं असतं."

"अहो, तुम्ही इथे आहात हेच ताईंना ठाऊक नाही."

हे फारच लागलं. मी आणखी घट्ट बसलो. शेवटी चाचपडत ताईंचं बोट माझ्यापर्यंत आलं. त्यांचं नख मोडलं, तेव्हा कुठे मी ऐटीत सरकलो. खट्!

रेडिओ जागा झाला. पाच वाजून चार मिनिटं झाली होती, आणि पडद्यावर मुदत संपल्याची पाटी आली. मी शाबासकीची वाट पाहत होतो. यमुताईंनी झाकण हळूच मिटलं आणि त्या निघून गेल्या.