तळं लाल का झालं?

फार जुनी गोष्ट. डोंगरापल्याडच्या एका गावात एक दवंडीवाला राहायचा. त्याची मुलगी गोजरा पंतोजींच्या शाळेत जायची आणि प्रश्न विचारून सगळ्यांना भंडावून सोडायची.

एके सकाळी दवंडीवाल्याने हलगी वाजवली. "ऐका हो ऐका! तळं लाल झालंय! रंगाऱ्यांनी पाण्यात विष कालवलंय!"

गाव खवळलं. रंगाऱ्यांची वस्ती तळ्याच्या काठावरच होती. "हाकलून द्या त्यांना!" असा ओरडा सुरू झाला.

शाळेतही मुलं तावातावाने भांडू लागली. पंतोजींनी विचारलं, "तळं कोणी पाहिलं का रे?"

ऐकलं होतं सगळ्यांनी, पाहिलं कुणीच नव्हतं.

"मग चला, बघून येऊ."

तळं खरंच लालभडक होतं! मुलं मागे सरकली. गोजराला मात्र राहवेना. तिने फांदीने पाणी ढवळलं. लाल थर बाजूला सरला आणि खाली नितळ पाणी दिसलं. त्यात मासे सुळसुळत होते. फांदीला इवलीइवली लाल पानं चिकटली होती.

"पंतोजी, हा रंग नाहीच! शेवाळासारखं काहीतरी उगवलंय. मग विषाचं कुठून आलं?"

पंतोजी म्हणाले, "ज्यांनी सांगितलं, त्यांनाच विचार."

गोजरा धावत घरी गेली. "आबा, विषाचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

दवंडीवाला घुटमळला. "तेली म्हणाला, तळं लाल झालंय. नुसतं तेवढंच सांगितलं असतं, तर कोण थांबलं असतं ऐकायला?"

गोजराने दारातून बाहेर पाहिलं. चावडीवर माणसं काठ्या घेऊन जमली होती.

"आबा, तुम्ही सांगता, की मी सांगू?"

दवंडीवाला चावडीवर गेला आणि मान खाली घालून सगळं बोलला. गोजराने फांदी दाखवली. काठ्या खाली आल्या. म्हातारा पाटील पुटपुटला, "रंगाऱ्यांना एका शब्दाने तरी विचारायचं होतं आपण."

मग दवंडीवाल्याने गावभर खरी दवंडी दिली. पण या वेळी कुणी दारात आलंच नाही. बापलेक घरोघर फिरले, प्रत्येक दार ठोठावून सांगत राहिले. रंगाऱ्यांच्या वस्तीवर पोचेपर्यंत दिवस कलला.

तिथे एक म्हातारी बैलगाडीवर गाठोडी चढवत होती. "आता आणखी काय ऐकवायला आलास?"

"माझं चुकलं, आजी," दवंडीवाला म्हणाला आणि गाठोडी उतरवून एकेक गाठ सोडू लागला.

तात्पर्य: ऐकलेलं पुढे सांगण्याआधी पडताळून पाहावं, आणि ज्याच्यावर आळ येतो त्यालाही बोलू द्यावं. खोटं एका हाकेत गावभर जातं. ते मागे घ्यायला मात्र दारोदार फिरावं लागतं.