मंत्र्याच्या नावाचा लघुग्रह

टेकडीवरच्या वेधशाळेत डुंबरेबाईंनी नवा लघुग्रह शोधला. सत्काराला मंत्री रंगराव आले, फुकटच्या नावाला हपापलेले. भर सभेत म्हणाले, "बाई, त्याला माझं नाव द्या. नाहीतर उद्या वेधशाळेला कुलूप!"

बाई हात जोडून म्हणाल्या, "देते की साहेब! फक्त नियम असा, की पुढाऱ्याचं नाव तो मेल्यावर शंभर वर्षांनीच देता येतं. तुम्ही कधी जाताय?"

रंगराव घाम पुसत म्हणाले, "एवढी काय घाई?"

"मग तोवर वेधशाळा चालू नको? नाव देणार कोण?"

सभा खदखदून हसली. रंगरावांनी मुकाट्यानं कागद मागवला. नियमाची शंभर, स्वतःच्या उरल्या आयुष्याची पन्नास धरून, वेधशाळा चालवायची दीडशे वर्षांची परवानगी लिहून दिली.