अडवलेली सुईण

फार जुनी गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत एक लहानसं राज्य होतं आणि त्याची तेवढीच लहान राजधानी होती.

राज्य राजा चालवी, पण राजधानीचं पाणी, रस्ते, बाजार आणि भांडणतंटे नगरप्रमुखाकडे असत. त्याला राजा नेमत नसे, नगरातली माणसं निवडत. नियम एकच होता. गट करायचा नाही, झेंडा लावायचा नाही, जातीच्या किंवा धंद्याच्या नावाने मत मागायचं नाही. माणूस बघायचा आणि मत द्यायचं. चावडीत प्रत्येक उमेदवाराचा एक रांजण मांडत, आणि ज्याला जो पसंत, त्याच्या रांजणात त्याने एक चिंचोका टाकायचा.

त्या वर्षी दोघं उभी होती. एक विसोबा कोष्टी. सरळ माणूस, हातमागावर बसला की दिवस मावळेपर्यंत न उठणारा. दुसरी गोदाक्का सुईण. निम्मं नगर तिच्या हातावर जन्मलं होतं. दोघांचं वैर नव्हतं. वाटेत भेटली की विसोबा वाकून नमस्कार करी, आणि गोदाक्का म्हणे, "काय रे विसोबा, माग काय म्हणतोय?"

निवडणूक महिन्यावर आली तेव्हा कोष्टी आळीत एक बोलणं सुरू झालं. कुणी सुरू केलं ते कळलं नाही. "गोदाक्काच्या हाताला अवदसा लागली आहे. या वर्षी तिच्या हातची तीन बाळं गेली."

बाळं गेली होती हे खरं होतं. पण ती गोवराने गेली होती. तिसरं बाळ तर विसोबाच्या शेजारचं होतं. गोदाक्काने चार दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं, आणि हे विसोबाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो आळीतल्या धोंडप्पा रंगाऱ्याकडे गेला. धोंडप्पा त्याच्यासाठी मतं मागत घरोघर फिरत होता.

"धोंडप्पा, हे खोटं आहे. मी उद्या पारावर उभा राहून सांगतो."

"सांग की," धोंडप्पा म्हणाला. "पण मग लोक म्हणतील, विसोबाच तिची बाजू घेतो, तर तिलाच निवडू. अरे, तू काही खोटं बोलतोयस का? नाही. तू फक्त गप्प राहा. गप्प राहायला काय पाप लागतं?"

विसोबाला रात्री जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो पारावर गेला नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी गेला नाही. मग हळूहळू त्याला सवय झाली. लोक आता त्याला जास्त आदराने हाक मारू लागले होते, आणि ते त्याला आवडू लागलं होतं.

मतदानाचा दिवस आला. उमेदवारांनी दिवसभर चावडीत बसायचं, असा रिवाज होता. विसोबा एका बाजूला बसला, गोदाक्का दुसऱ्या बाजूला. लोक येत होते, चिंचोके टाकत होते.

दुपार कलली तेव्हा एक बाई घाईघाईने आली आणि गोदाक्काच्या कानाशी लागली. गोदाक्काने बोचकं उचललं आणि ती लगेच निघाली. विसोबाला गर्दीतून फक्त गोदाक्का जाताना दिसली. त्याच्या मनात आलं, बरंच झालं, तिची जागा रिकामी दिसेल.

निरोप विसोबाच्याच घरून आला होता. त्याची लेक भागू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला पंधरवडा होता, पण कळा आधीच सुरू झाल्या. विसोबाची बायको साळू शेजारणीला म्हणाली होती, "गोदाक्काला बोलाव. भागूच्या बापाला काही सांगू नकोस. आजच्या दिवशी त्याच्या जिवाला घोर नको."

आळीच्या तोंडाशी धोंडप्पा आणि पाच-सहा जण काठ्या घेऊन उभे होते.

"मागे फीर," धोंडप्पा म्हणाला. "या आळीत तुझं काम नाही."

"अरे, विसोबाची पोर अडली आहे. बाजूला हो."

"विसोबाची पोर? मग तर तिला तुझ्या हाताला लागूच देणार नाही. तीन बाळं खाल्लीस, आता चौथं हवंय का?"

गोदाक्का ओरडली नाही. ती म्हणाली, "तुमचा विश्वास नसेल तर विसोबाला विचारून या. तो सांगेल ते मी ऐकते. पण पळत जा."

धोंडप्पा चावडीत आला. भोवती माणसं होती. भागूचं नाव काढून विसोबाला आज कशाला घाबरवायचं, असा त्याने विचार केला. तो एवढंच म्हणाला, "गोदाक्का आपल्या आळीत शिरू म्हणते. आम्ही अडवली आहे. सोडायची का?"

सगळे विसोबाच्या तोंडाकडे बघू लागले. 'सोडा' म्हटलं तर महिनाभराचं बोलणं खोटं ठरणार होतं, आणि रांजणात चिंचोके अजून पडत होते.

विसोबा खाली बघून म्हणाला, "मला काय विचारता? आळीला जे योग्य वाटेल ते करा."

धोंडप्पा परत गेला. काठ्या आडव्याच राहिल्या. आळीतल्या एका म्हातारीने जमेल ते केलं. मूल आडवं आलं होतं, आणि ते फिरवण्याची कला त्या नगरात एकाच बाईच्या बोटांत होती.

संध्याकाळी रांजण मोजले. विसोबाचे नऊ चिंचोके जास्त भरले. हलगी वाजली, गळ्यात हार पडला. मिरवणूक आळीशी आली तर आळीत एकही दिवा लागलेला नव्हता. विसोबाच्या घराच्या दारात बाया रडत होत्या. आत भागू होती, आणि तिच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेलं तिचं बाळ. दोघांचेही हात गार पडले होते.

विसोबा बाहेर धावला. गोदाक्का आळीच्या तोंडाशी एका दगडावर अजून बसून होती.

"अक्का!" तो किंचाळला. "तुम्ही आत का नाही आलात?"

गोदाक्का दगडावरून उठली. मग म्हणाली, "तुला विचारायला माणूस पाठवला होता, विसोबा."

तेरावा झाला आणि विसोबा पारावर उभा राहिला. म्हणाला, "लोकहो, ती तीन बाळं गोवराने गेली. मी पाहिलं आहे. गोदाक्काचा काही दोष नव्हता."

लोक खाली मान घालून ऐकत होते. पांगताना कुणीतरी म्हणालं, "लेकीच्या दुःखाने बिचाऱ्याचं डोकं फिरलं." दुसरं म्हणालं, "ती बाई त्या दिवशी आळीच्या तोंडाशी बसून होती म्हणे. तिथूनच तिने पोरीला नजर लावली."

विसोबा दारोदार फिरला. लोकांनी त्याला पाणी दिलं, मान डोलावली आणि दार लावून घेतलं. महिन्याभरात गोदाक्काला कुणी बोलावेनासं झालं. एका सकाळी ती बोचकं घेऊन डोंगरापलीकडे निघून गेली. विसोबा पुढे बारा वर्षं नगरप्रमुख होता. त्या बारा वर्षांत किती बाया अडून गेल्या, ते तो एकटाच मोजत होता.

मुलांनो आणि थोरांनो, आपल्या सोयीचं खोटं वेळीच खोडलं नाही, तर पुढे आपण खरं ओरडून सांगितलं तरी ते कुणी ऐकत नाही.