दिवाणांच्या पुलाचा भूतकाळ

जांभुळगडचे दिवाण बापूसाहेब मोठे दूरदर्शी. नदीवरचा पूल रखडला, तरी त्याची इंग्रजी कोनशिला त्यांनी आधीच कोरून घेतली: ‘हा पूल बांधण्यात आला.’ विलायतेहून परतलेल्या महाराजांनी पूल पाहिलाच नव्हता. भर दरबारात त्यांनी मजकूर वाचला आणि इंग्रजी शिकवणाऱ्या आठल्ये मास्तरांना विचारलं, “मास्तर, इथे भूतकाळ बरोबर आहे ना?”

दिवाणांनी डोळे वटारले. मास्तरांची पंचाईत झाली. सकाळीच ते होडीने नदी ओलांडून आले होते. पुलाचे नुसते खांब उभे होते. खरं बोलावं तर पोटावर पाय येणार, खोटं बोलावं तर उद्यापासून कोणत्या तोंडाने व्याकरण शिकवणार?

मास्तरांनी हात जोडले. “महाराज, वाक्य चोख आहे. पण काळ बरोबर आहे का, हे दरबारात बसून कसं सांगू? दिवाणसाहेबांनी बग्गीत बसून पुलावरून पलीकडे जावं. ते पोचले की भूतकाळ पक्का.”

“वा! बग्गी जोडा!” महाराज उठलेच.

दिवाणसाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं.

“महाराज,” ते हळूच म्हणाले, “मला वाटतं, तिथे भविष्यकाळच जास्त शोभेल.”