चांद्याचं मोडकं शिंग

तेलाचे घाणे बैल ओढत, तेव्हाची गोष्ट. चांद्या बैल म्हातारा झाला आणि तेल्यानं त्याला कामातून मोकळं केलं. "जन्मभर गोल फिरलो, आता सरळ जाणार," असं सांगून तो टेकडीपलीकडच्या कुरणात कायमचा राहायला निघाला.

कुरण खरंच छान होतं. गवत गुडघाभर, पाणी गार. तिथल्या म्हशीनं मायेनं विचारलं, "पाहुणे, शिंग कसं मोडलं?" तरुणपणी आपल्याच सावलीवर चिडून भिंतीला धडक दिली होती, ती हकिकत चांद्यानं रंगवून सांगितली. मग रेड्यानं विचारलं, मग शेळ्यांनी. सगळ्यांनी "अरेरे" म्हटलं. हसलं कुणीच नाही.

चौथ्या दिवशी चांद्या घरी परतला. शेजारची म्हातारी गाढवीण म्हणाली, "काय भावजी, गवत कडू निघालं?"

"गोड होतं. पण तिथं माझ्या शिंगाची सगळ्यांना कीव येते."

गाढविणीला हसू फुटलं. "आणि भिंत पडल्यावर आत अंघोळीला बसलेला तेली कसा पळाला होता!"

"कसा पळाला होता?" चांद्यानं मुद्दाम विचारलं आणि ऐकायला ऐसपैस बसला.