गेणूने गावाचं पेव राखलं

एका गावात एक भोळा राखणदार होता. त्याचं नाव गेणू. तो गावाचं पेव राखायचा.

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार. तोंडावर शिळा, शिळेवर माती. सुगी झाली की घरटी दोन पायल्या ज्वारी त्या पेवात पडायची. ही गावाची पट्टी. अडचणीच्या दिवसांत हीच ज्वारी बाहेर काढायची, असं वाडवडिलांनी ठरवून ठेवलं होतं. फक्त पाटलाच्या घरची पट्टी घ्यायची पद्धत नव्हती. का नव्हती, हे विचारायचीही पद्धत नव्हती.

गेणूला पुढेमागे कुणी नव्हतं. तो सगुणा कुंभारणीकडे जेवायचा. सगुणाचा नवरा वारला होता. दोन लहान लेकरं होती. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "मला तीन लेकरं आहेत. एक जरा उंच झालंय."

गेणूचा एक गुण होता. सांगितलेलं तो विसरायचा नाही. पाटील काही बोलला की तो उपरण्याच्या टोकाला गाठ मारायचा. मग ते तसंच्या तसं करायचा.

पहिल्या सुगीला पाटील म्हणाला, "गेण्या, पट्टी गोळा कर. कुणाला सोडायचं नाही."

"जी," गेणू म्हणाला आणि त्याने गाठ मारली.

"माझ्या घरचं मी बघतो."

"जी."

गेणू घरोघर फिरला. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. तसा तो मोजत गेला. लाभ, दोन. लाभ, दोन. सगळं गाव झालं. परत येताना पारावर एक गोसावी बसलेला दिसला. शेजारी झोळी होती. गेणूने झोळी मापात उपडी केली. दीड पायली भरली.

"अर्धी पायली राहिली," गेणू म्हणाला. "पुढच्या साली आणा."

गोसाव्याने झोळी झटकली, गेणूकडे बघितलं आणि दुसऱ्या गावची वाट धरली.

पाटलाने कपाळावर हात मारला. "अरे गेण्या, तो मागून खाणारा माणूस. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडून घेऊ नये. उलट त्याला द्यावं."

"जी." दुसरी गाठ.

दुसऱ्या दिवशी गेणू ज्याच्याकडे काही नाही असा माणूस शोधायला निघाला. गावात रंगराव नावाचा मोठा बागायतदार होता. त्याने आदल्याच दिवशी घरातली सगळी ज्वारी बाजारात नेऊन विकली होती.

"रंगराव, घरात ज्वारी आहे?"

"एक दाणा नाही," रंगराव म्हणाला. कनवटीला रुपये होते, पण गेणूने ज्वारीचं विचारलं होतं.

गेणूला वाईट वाटलं. एवढं मोठं कोठार आणि आत एक दाणा नाही. त्याने पेवातल्या दोन पायल्या आणून ओतल्या. रंगराव नको म्हणणाऱ्यातला नव्हता.

पाटलाने कपाळावर हात मारला. "अरे गेण्या, तोंडाने कुणीही नाही म्हणेल. घर बघून ठरवत जा. घर मोठं असेल तर घ्यावं. घर लहान असेल तर द्यावं."

"जी." तिसरी गाठ.

गेणू काठी घेऊन गावभर फिरला. प्रत्येक घर त्याने काठीने मोजलं. सगळ्यांत मोठी निघाली धर्मशाळा. आत थकलेले वाटसरू झोपले होते. त्यांच्या उशाखालची ज्वारी गेणूने हळूच काढून घेतली. झोप मोडू नये एवढी काळजी त्याने घेतली. मग सगळ्यांत लहान घर शोधलं. ते निघालं रंगरावाच्या कोंबड्यांचं खुराडं. दार इतकं लहान की गेणूला आडवं पडून ज्वारी आत ढकलावी लागली. कोंबड्याही नको म्हणणाऱ्यातल्या नव्हत्या.

पाटलाने पुन्हा कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "धर्मशाळा सोड. कोंबड्या सोड. माणसं नांदतात ती घरं धर. आणि हे बघ, फुकट कुणाला द्यायचं नाही. काम करून घ्यायचं, मग द्यायचं."

"जी." चौथी गाठ जरा जाड झाली.

पुढच्या साली गावाला वाईट दिवस आले. गावावरून बैलांचे तांडे जायचे, म्हणून गावात बाजार भरायचा. त्या साली नदीवर खालच्या अंगाला पूल झाला आणि तांडे तिकडून जायला लागले. बाजारात विकणारे तेवढे उरले. मडकी खपेनात म्हणून सगुणा तेल घेईना. तेल खपेना म्हणून तेली जोडे घेईना. जोडे खपेनात म्हणून चांभार मडकं घेईना. सगळ्यांचा माल आपापल्या घरात होता आणि सगळे उपाशी होते.

एक दिवस सगुणा म्हणाली, "गेणू, बाळा, कोजागरीला मी जाते. पुलापाशी विटा पाडायचं काम आहे म्हणतात."

"मग मी कुठे जेवू?"

सगुणाने चुलीत काटकी सरकवली. "दिवाळीपर्यंत घरात दाणा असता तर पणत्या केल्या असत्या. त्या भाजायला आवा लावला असता. पणती तर काय, गरीब माणूसही घेतो. पण आवा निवेपर्यंत खायचं काय?"

गेणू तसाच पाटलाकडे गेला. "पेव उघडू का?"

पाटील वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "उघड. पण फुकट नाही. टेकडीवरचा मुरूम आणून रस्त्यावर टाका. दिवसभर काम करेल त्याला शेरभर ज्वारी."

सगळं गाव कामाला लागलं. चार दिवसांत रस्ता झाला. चार दिवस गावात चुलींचा धूर दिसला. पाचव्या दिवशी माणसं मुरूम वाहायच्या पाट्या घेऊन पुन्हा आली.

"काम काय?" तेल्याने विचारलं.

काम तर संपलं होतं. कामाशिवाय द्यायचं नव्हतं. गेणूने बराच विचार केला आणि मुरूम उचलून टेकडीवर परत नेऊन टाकायला सांगितला. सहाव्या दिवशी तो पुन्हा रस्त्यावर आणला. सातव्या दिवशी पाटील रस्ता बघायला आला.

"रस्ता कुठाय?"

"आज टेकडीवर आहे, पाटील. उद्या या."

पाटलाने दोन्ही हात कपाळावर मारले. त्याला तालुक्याला जायचं होतं. सरकारी सारा माफ करा, असा अर्ज द्यायचा होता. आठ दिवस लागणार होते. त्याने आपली काठी गेणूच्या हातात दिली. ती काठी दिसली की गावात कुणी उलट बोलायचं नाही.

"आता सगळ्यांत सोपं सांगतो," पाटील म्हणाला. "काम-बिम राहू दे. माणसाचं तोंड बघ. तोंडं उतरलेली दिसली की पेव उघड आणि दे. तोंडं हसरी दिसली की घे आणि पेवात भर. वाडवडील हेच करत आले. कळलं?"

"जी." पाचवी गाठ. ही त्याने दोनदा ओढून घट्ट केली.

पाटील गेला. गेणूने गावाची तोंडं बघितली. सगळी उतरलेली होती. त्याने शिळा सरकवली आणि घरटी दोन पायल्या ज्वारी दिली. लाभ, दोन. लाभ, दोन. सगुणाने जात्यात पहिली मूठ टाकली आणि तिला हसू आलं.

दारात गेणू उभा होता. हातात माप होतं.

"आक्का, तू हसलीस."

"मग?"

"मग ज्वारी परत."

"अरे, तुझी भाकरीसुद्धा याच ज्वारीतली आहे."

"माहीत आहे," गेणू म्हणाला आणि मोजायला लागला. लाभ, दोन.

त्या दिवशी सगुणा उपाशी झोपली, लेकरं उपाशी झोपली आणि गेणूही उपाशी झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाची तोंडं पुन्हा उतरली. गेणूने पेव उघडलं, दोन पायल्या दिल्या. तोंडं फुलली. गेणूने दोन पायल्या घेतल्या. तोंडं पडली. सकाळी ज्वारी गावात, संध्याकाळी पेवात. देताना थोडी सांडायची, घेताना थोडी सांडायची. रंगरावाच्या कोंबड्यांना गेणूची ओळख होतीच. त्या त्याच्या मागून फिरायला लागल्या.

"गेण्या, एकदा काय ते ठरव," चांभार म्हणाला. "द्यायचंय की घ्यायचंय?"

"ते माझ्या हातात नाही," गेणू म्हणाला. "तुमच्या तोंडावर आहे."

सातव्या दिवशी त्याने शिळा सरकवली तर खाली तळ दिसला. सांडलेलं खाऊन खाऊन रंगरावाच्या कोंबड्यांना चालवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोजागरी होती. सगुणाने बोचकं बांधून गाढवावर टाकलं. लेकरांच्या पायांत जोडे घातले. चांभाराने तिला ते तसेच दिले होते, नाहीतरी कुणी घेत नव्हतं. गेणूची ताटली तिने धुऊन ओट्यावर पालथी घातली आणि सोबत न्यावी की ठेवावी ते तिला कळेना.

गेणू पेवाच्या काठावर बसला. तोंडं उतरली होती. द्यायला हवं होतं. पेवात काही नव्हतं. त्याने उपरणं पुढे घेतलं आणि एकेक गाठ सोडायला सुरुवात केली.

पहिली गाठ. कुणाला सोडायचं नाही.

दुसरी. ज्याच्याकडे नाही त्याला द्यावं.

तिसरी. मोठ्या घरातून घ्यावं, लहान घरात द्यावं.

चौथी. माणसं नांदतात ती घरं धरायची. फुकट द्यायचं नाही.

गेणू उठला आणि माणसं नांदतात ती घरं त्याने काठीने मोजली. सगळ्यांत मोठं घर पाटलाचं निघालं.

पाटलीणबाई दारात आल्या. "काय रे गेणू?"

"पट्टी."

"आमच्या पट्टीचं हे बघतात."

"ते गावाला गेलेत. म्हणून मी बघतोय."

पाटलीणबाईंनी गेणूकडे बघितलं, काठीकडे बघितलं, रस्त्यावर उभ्या असलेल्या गाढवाकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या. आत पुरुषभर उंचीची ज्वारीची कणगी होती. वरपर्यंत भरलेली.

गेणूने सगळ्या गावाला बोलावलं. काम करून घ्यायचं होतं. काम असं ठरलं की ज्वारी ज्याने त्याने आपापल्या घरी वाहून न्यायची. लोक रांगेत उभे राहिले. सगुणा सगळ्यांत पुढे होती. ती मागे वळून हळूच म्हणाली, "कुणी हसू नका. घरी जा, दार लावा, मग हसा."

गेणूने तिच्या पदरात दोन पायल्या घातल्या आणि तोंड निरखून बघितलं.

"आक्का, ज्वारी मिळाली. तरी तोंड उतरलेलंच?"

"उतरलेलंच रे, बाबा."

"मग अजून दोन घे."

मागे तेली उभा होता. त्याने खालचा ओठ दातात धरला आणि मेलेल्या म्हशीची आठवण काढली. त्यालाही चार मिळाल्या. चांभार तर रडलाच. त्याला सहा मिळाल्या. मयताला आल्यासारखं सगळं गाव मान खाली घालून ज्वारी घेऊन गेलं. दुपार कलेपर्यंत कणगी आडवी पडली.

मग गावातली सगळी दारं लागली. दारांमागून हसण्याचे आवाज यायला लागले. गेणूला ते ऐकू आले. पण पाटलांनी तोंड बघायला सांगितलं होतं, ऐकायला सांगितलं नव्हतं.

सगुणाने गाढवावरचं बोचकं उतरवलं. ताटली सरळ करून त्यात भाकरी वाढली. जेवताना गेणू म्हणाला, "आक्का, हसू नकोस हं."

"नाही हसत," सगुणा म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वळली. बराच वेळ ती फुंकरच घालत होती.

ठरल्या दिवशी पाटील परत आला. मंदी सगळीकडेच आहे, धीर धरा, एवढं तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं होतं. अर्ज ठेवून घेतला होता. वेशीतून येताना त्याला कुंभारवाड्यात आव्यासाठी गवऱ्या रचलेल्या दिसल्या आणि बरं वाटलं. मग त्याने पेव बघितलं. मग घरी येऊन कणगी बघितली.

पाटील ओट्यावर बसला. समोर गेणू उभा होता.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"तुम्हीच," गेणू म्हणाला आणि त्याने उपरण्याचं चुरगळलेलं टोक दाखवलं. "पहिल्यांदाच सगळं तुम्ही सांगितल्यासारखं झालं, पाटील. एक गोष्ट सुटली नाही."

पाटलाचं तोंड उतरलं. ते इतकं उतरलं की गेणूला बघवेना. तो आत गेला. कणगीच्या बुडाची ज्वारी त्याने झाडून गोळा केली, बाहेर आणली आणि पाटलाच्या धोतराच्या ओच्यात ओतली.

"लाभ," गेणू म्हणाला. "दोन."

पाटील आपल्या ओच्यातल्या आपल्या ज्वारीकडे बघत बसला. आत पाटलीणबाईंनी पदर तोंडात कोंबला. पाटलाची मिशी थरथरली. त्याने ती हाताने दाबून धरली. मग पोट हललं. मग खांदे हलले. आणि मग पाटील मोठ्याने हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

गेणूने त्याचं तोंड नीट बघितलं आणि माप पुढे केलं.

"लाभ," तो म्हणाला.