रोवळीभर अळंबी

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक म्हातारा राहत होता. अळंबी ओळखावी तर त्यानंच. श्रावणात परसातल्या वारुळांवर अळंबी उगवली की गावातल्या बाया आधी त्याच्या ओसरीवर येत. तो अळंबीची छत्री उलटी करी, तिच्या पोटातला रंग बघे, देठ बघे आणि म्हणे, "खा." नाहीतर, "फेक." एक विषारी छत्री कढईत पडली तर अख्खं घर आडवं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्याच्या शब्दावाचून कुणी फोडणी घालत नसे.

कुणी म्हणालं, "आम्हांलाही शिकवा," तर म्हातारा गुरकावे, "मी आहे ना!"

पुढं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पांढरं आणि हिरवट त्याला सारखंच दिसू लागलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. वारुळावरच्या चांगल्या अळंबीचं मूळ लांब, खोल गेलेलं असतं; विषारीला तसं मूळ नसतं. ते बोटांनी चाचपून तो निवाडा देई. कसंबसं निभत होतं.

एके दिवशी सुनेनं परसातून रोवळीभर अळंबी आणली. म्हाताऱ्यानं एक चाचपली. देठ तळाशी सपाट.

"मूळ कुठं गेलं?"

"माती फार होती, मामंजी. कोयत्यानं वरच्यावर कापली."

आता म्हाताऱ्याच्या हाती काहीच उरलं नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "आजोबा, आज एवढा वेळ? म्हातारपण आलं वाटतं!"

म्हातारा ताठ झाला. "खा," म्हणाला.

सून आत गेली. लसणीचा वास सुटला. नातवंडं ताटं घेऊन चुलीपुढं बसली.

"मला जास्त!"

"मागच्या वेळी तूच चाटूनपुसून खाल्लीस, हावरट!"

म्हाताऱ्याला ओसरीवर बसवेना. भिंत धरत तो आत आला.

"वाढू नको."

"का? आत्ताच तर खा म्हणालात."

"न बघता म्हणालो. मला दिसत नाही, सूनबाई. बरेच दिवस झाले."

सुनेनं कढई उचलली, उकिरड्याच्या खड्ड्यात पालथी केली आणि वर माती ओढली. ती अळंबी चांगली होती की विषारी, हे कुणालाच कळलं नाही. नातवंडांनी भाकरीशी चटणी खाल्ली आणि आजोबांकडं रागानं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो सुनेला आणि त्या शेजारणीला घेऊन वारुळापाशी बसला. अळंबी मुळासकट कशी काढायची, रंग कुठं बघायचा, जरा शंका आली तरी ती फेकूनच द्यायची, सगळं सांगितलं.

"हे आधीच का नाही सांगितलंत?" शेजारणीनं विचारलं.

"सांगितलं असतं तर ओसरीवर कोण आलं असतं?" म्हातारा म्हणाला.

पुढच्या श्रावणात अळंबीचं ताट समोर आलं, तेव्हा त्यानं घास हातातच धरला.

"कुणी बघितली?"

"मी एकेक बघितली, मामंजी. शेजारच्या काकूंनीही बघितली."

"मग वाढ अजून."

तात्पर्य: ठाऊक नसेल तर तसं सांगावं, ठाऊक असेल तर दुसऱ्याला शिकवावं.